गुरुजींच्या रक्तातलं लोणी

फुलसिंग गुरुजींचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा तो फक्त त्यांचा गुडघा होता. लेकीच्या, पुजाच्या लग्नाची तारीख निघाली आणि तो सगळ्या आखाडा बाळापूरचा झाला.

तसं पाहिलं तर निवृत्त मुख्याध्यापकाचं गुडघ्यावाचून फारसं अडत नाही. जेवायला टेबल होतं, वर्तमानपत्राला आरामखुर्ची होती, आणि संडासात काय सोय केली होती ते चारचौघांत सांगायचं कारण नाही. अडलं ते एकाच ठिकाणी. त्यांच्या बंजारा तांड्यात लेक सासरी निघाली की ढावलो म्हणते. म्हणजे रडतच गाते, आणि आई, काका, काकू, घर, गोठा, एकेकाचं नाव घेऊन निरोप मागते. हे सगळं बापाच्या मांडीवर बसून. बाप अंगणात घोंगडीवर मांडी घालून बसलेला, भोवती सारा तांडा जमिनीवर. गुरुजींच्या बहिणीनं त्यांच्या बापाच्या मांडीवर बसून म्हटलेला ढावलो गुरुजींच्या कानातून अजून गेला नव्हता. पुजा जन्मली त्या दिवसापासून आपलीही ती वेळ येणार हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि आता मे महिन्यात ती वेळ यायची होती, तर मांडीच होईना. गुडघा अर्धा वाकायचा आणि अडायचा. पुढं रेटला तर मुख्याध्यापकाच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"बापू, तुमी खुर्चीवर बसा ना," पुजा म्हणाली. "मी उभ्यानं म्हणते. काय बिघडते?"

"खुर्चीवर? सारा तांडा खाली आन मी वर? मी काय पाहणीला आलेला तहसीलदार हाय व्हय?"

असं म्हणून ते ताडकन उठायला गेले. आता ताडकन म्हणजे गुरुजींच्या बाजूनं ताडकन. त्यांनी उजवा हात बाजूला केला, हाताखाली पुजाचा खांदा आला, ते उठले आणि रागारागानं ओट्यावर गेले.

ओट्यावर मसाजी बसलेलेच होते. शेजारी मसाजी म्हणजे पशू दवाखान्यातले निवृत्त पट्टीबंधक. उभी हयात जनावरांच्या जखमा बांधण्यात गेलेली, घर मेंढरांचं, त्यामुळं पायांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"गुरुजी, गुडघा माणसाचा असो का मेंढीचा, आतून बराबर सारखाच."

"मंग मेंढीचा गुडघा असा गेला तर काय करत होता तुमी?"

मसाजींनी तंबाखू मळून तोंडात टाकली. "इकून टाकायचो," ते म्हणाले.

गुरुजींना हे लागलं. पण मसाजींच्या पत्नी सिंधूबाई मनानं उदार होत्या. त्यांनी निरगुडीचा पाला आणून दिला. पलीकडच्या गल्लीतून मेथीचे लाडू आले. कुणी एरंडेल सांगितलं, कुणी उंटाचं काहीतरी सांगितलं, आणि जो तो आपल्या ओळखीतल्या एका माणसाचा दाखला द्यायचा, जो आधी रांगत होता आणि आता डोंगर चढतो. हा माणूस कुठं राहतो हे विचारलं की उत्तर मिळायचं, तो वारला. गुरुजींची पत्नी चंदाबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, सगळ्यांना चहा द्यायची, आणि लाडू स्वतः खायची, कारण तिचेही गुडघे काही सोन्याचे नव्हते. पण तिच्या गुडघ्यांविषयी कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मग डोंगरकडा गावचे वैद्य झाले. त्यांनी सांगितलं, उडदाच्या पिठाची घट्ट कणीक करून गुडघ्याभोवती गोल आळं लावायचं, त्यात कोमट औषधी तेल ओतायचं आणि अर्धा तास हलायचं नाही. उपचार शास्त्रशुद्ध होता, त्यात शंका नाही. पुजानं पीठ मळलं, आळं लावलं, तेल ओतलं, आणि गुरुजी अंगणात बाजेवर पाय लांब करून ध्यानस्थ पडले. त्यांचा डोळा लागला. मसाजींची शेळी कुंपणातून आली आणि तिनं ते आळं खायला सुरुवात केली. गुरुजींना स्वप्नात वाटलं औषध लागू पडतंय, गुदगुल्या होतायत. जाग आली तेव्हा निम्मं आळं शेळीच्या पोटात आणि तेल धोतरात. ओरडावं तर हलायचं नाही अशी वैद्यांची सक्त ताकीद. गुरुजींनी ताकीद पाळली. शेळीनं उरलेलं आळं शांतपणे संपवलं. त्यानंतर ती शेळी कुंपणावरून उडी मारायला लागली असं मसाजी पुढं कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आणि त्यात गुरुजींना टोचून बोलण्याचा त्यांचा हेतू नव्हता, हेच जास्त वाईट.

अशा वेळी मेडिकलवाला रामप्रसाद घरी आला.

"गुरुजी, अब टेन्शन छोडो. मोठे डॉक्टर येऊन राहिले शिबिराला. ऑपरेशन नाही, काही नाही. तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, आणि त्यातलं जे असली आहे ते परत तुमच्याच गुडघ्यात. घिसलेला गुडघा अंदरसे भरायला लागतो म्हणे."

गुरुजी विज्ञानाचे माणूस. झाडपाल्यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता, तो फक्त नाइलाज होता. स्वतःचंच रक्त, स्वतःचाच गुडघा, कुणाचा मिंधेपणा नाही, ही कल्पना त्यांना फार स्वाभिमानाची वाटली. त्यांनी नाव दिलं.

नाव दिलं आणि अडचणी सुरू झाल्या. डॉक्टरांना गुडघ्याचा फोटो हवा होता, तोही उभं राहून काढलेला. जवळच्या यंत्रावर माणूस आडवाच मावायचा. एका लांबच्या दवाखान्यात उभा फोटो निघायचा, पण तिथं शिफारस लागायची, शिफारस देणारे साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले. शेवटी फोटो निघाला तो डाव्या गुडघ्याचा. फोटो काढणारा गुरुजींकडं तोंड करून उभा होता आणि त्यानं आपल्या उजव्या हाताकडचा गुडघा धरला. गुरुजी खवळले, पण तेवढ्यात तो पाया पडला. "गुरुजी, मी तुमच्या भावाच्या, थावरा नाईकांच्या शेजारचा जगन. तुमच्याच हाताखाली शिकलो." आपल्या हाताखाली हा डावं-उजवं असंच शिकला, हे लक्षात आल्यावर गुरुजी मुकाट्यानं पुन्हा उभे राहिले.

दोन हजार नऊ सालचा तो मार्च. आचारसंहिता लागलेली, त्यामुळं सरकारी सभागृह शिबिराला मिळेना. गुडघेदुखीमागं कोणत्याही पक्षाचा हात नाही, असं लेखी द्या म्हणाले. रामप्रसादनं दिलं. तरी मिळालं नाही. शिबिर एका मंगल कार्यालयात गेलं, आणि सकाळची वेळ लोडशेडिंगमुळं दुपारची झाली. ही वेळ बदलली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं गुरुजी नंतर कितीदा तरी म्हणाले.

शिबिराच्या आदल्या दिवशी गुरुजी वारंगा फाट्याजवळच्या आपल्या तांड्यात गेले. थोरले भाऊ थावरा हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. त्यांच्या कानावर घातल्याशिवाय रक्त काढणं बरं दिसलं नसतं. लिंबाखाली माणसं जमली, आणि समोर माणसं बसली की गुरुजींच्यातला शिक्षक जागा व्हायचाच.

"हे पाहा," गुरुजी म्हणाले, "दही घुसळलं की काय निघते?"

"लोणी," तांडा म्हणाला.

"तसं रक्त घुसळायचं. त्यातलं लोणी काढायचं. आन ते गुडघ्यात घालायचं. कळलं?"

सगळ्यांना कळलं. एखादा धडा इतका पहिल्या दमात कुणाला कळल्याचं गुरुजींच्या आख्ख्या नोकरीत घडलं नव्हतं. ते समाधानानं पाणी प्यायले. थावरा नाईक मात्र विचारात पडले होते.

"फुलसिंग, म्हशीचं लोणी वाढवायचं तर आपण तिला काय देतो?"

"सरकी देतो. पेंड देतो."

"मंग तुझ्या रक्ताला लोणी येयाचं ते काय तुझ्या टेबलावरच्या पोळी-भाजीनं येणार हाय?"

आणि इथं तांड्यातल्या मायेनं घात केला. गोरमाटी, म्हणजे बंजारा माणसाला रक्त म्हटलं की एकच गोष्ट आठवते, ती सळोई. बकऱ्याचं रक्त, आतली चरबी, काळीज, सगळं एकत्र मसाल्यात शिजवायचं. ती खाल्ली की रक्त भरतं, ही तांड्यातल्या लेकरालाही ठाऊक असलेली गोष्ट. लग्नासाठी राखलेला काळा बोकड थावरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच कापला.

"भिया, डॉक्टरनं हलकं जेवायला सांगितलं हाय," गुरुजी म्हणाले.

"सळोई हलकीच असते. पोट फुगते का तिनं कधी?"

थावरांनी पहिली वाटी स्वतःच्या हातानं भरून भावापुढं धरली. बाप गेल्यावर या माणसानं बैल विकून गुरुजींना नांदेडला शिकवलेलं. त्या हातातल्या वाटीला नको म्हणायला जे शिक्षण लागतं ते गुरुजींनी घेतलेलं नव्हतं. त्यांनी एक वाटी खाल्ली. वहिनी निर्मलाबाईंनी दुसरी वाढली, आणि वरून चरबीचा तवंग घातला, "लेकीच्या ढावल्यासाठी खा" म्हणून. ते ऐकल्यावर त्यांनी तिसरी मागून घेतली.

दुपारी शिबिराला निघाला पेशंट एक आणि सोबत टेम्पोभर तांडा. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ होते. दंडातलं रक्त काढलं, नळ्यांत भरलं, प्रेशर कुकरएवढ्या यंत्रात ठेवलं. यंत्र घुमायला लागलं. सगळा तांडा मंगल कार्यालयाच्या दारात उभा. वीज गेली, जनरेटर लावला, यंत्र पुन्हा घुमलं. आधीच्या पेशंटांच्या नळ्या बाहेर आल्या तेव्हा खाली तांबडं आणि वर पिवळसर पाणी दिसलं होतं. गुरुजींची नळी बाहेर आली ती वरून पांढरीशुभ्र, दाट, जशी काही साय धरलेली.

"लोणी!" थावरा नाईक ओरडले. "निघालं रे! बाकीच्याइच्या नळीत ताक, माझ्या भावाच्या नळीत लोणी!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. गुरुजींची मान, खरं सांगायचं तर, थोडी ताठ झाली. डॉक्टर नळी घेऊन खिडकीपाशी गेले. उजेडात धरून पाहिली. मग परत आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, सकाळी काय खाल्लं?"

हा प्रश्न डॉक्टरांनी ज्या आवाजात विचारला तो आवाज मुळात गुरुजींचाच होता. त्या आवाजात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना विचारलं होतं, गृहपाठ काहून केला नाही. ते खाली बघत म्हणाले, "थोडंसं... घरचंच."

"ही चरबी आहे. हे मी तुमच्या गुडघ्यात घालू शकत नाही."

"काहून?" थावरांनी विचारलं. "जास्त सत्त्व झालं का?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तांड्याला समजलं, आणि दारातली गर्दी एकेक करून मागं सरकली. डॉक्टरांचं पुढचं शिबिर जूनमध्ये होतं. लग्न मे महिन्यात. गुरुजींनी बाही खाली केली, बटण लावलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "डॉक्टर, हे झालं असतं तर मांडी घालता आली असती का?"

डॉक्टरांनी यंत्राचं झाकण लावलं. "खरं सांगू? दुखणं कमी झालं असतं कदाचित. मांडीचं मी कुणालाच कबूल करत नाही."

टेम्पो निघाला. थावरा नाईक पागोटं मांडीवर घेऊन उघड्या डोक्यानं बसले होते. "बोकड गेला आन माझ्या हातानं तुझा गुडघा बी गेला," ते म्हणाले. गुरुजींना फार वाईट वाटलं, गुडघ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले, "भिया, सळोई झकास झालती." बाळापूरला टेम्पो थांबला. दारात पुजा उभीच होती. गुरुजींनी हात बाजूला केला आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सळोईनं आपला हिशेब पुरा केला. बोकडाच्या काळजानं युरिक अॅसिड वाढवलं आणि डाव्या पायाचा अंगठा टम्म सुजला. आतापर्यंत गुरुजी एका बाजूनं लंगडत होते, ते दोन्ही बाजूंनी लंगडायला लागले. "आता चाल सरळ दिसून राहिली," मसाजी म्हणाले.

लग्न तांड्यात झालं, चांगलं झालं. निघायची वेळ झाली तेव्हा अंगणात घोंगडी अंथरली, आणि मंडपवाल्यानं त्यावर एक लाल मखमली खुर्ची आणून ठेवली.  गुरुजी खुर्चीवर बसले. भोवती सारा तांडा जमिनीवर बसला, वरपक्षाचे उत्तमसिंग व्याही, त्यांचे म्हातारे वडीलसुद्धा. इतक्या माणसांच्या टाळूवरून आपण बघतोय याची गुरुजींना अशी लाज वाटली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुजा आली. खुर्चीसमोर उभी राहिली. निर्मलाबाईंनी तिला महिनाभर ढावलो शिकवला होता. तिनं तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पुन्हा उघडलं. डी.एड. झालेली, भर वर्गात बोलणारी पोरगी, पण त्या लाल मखमलीकडं बघून तिला ना गाता येईना ना रडता येईना. बाया कुजबुजायला लागल्या. "काय झालं व्हय पोरीला?"

गुरुजींनी डोळे उघडले. लेकीचा तो गप्प राहिलेला चेहरा त्यांनी बघितला. मग त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि ते खाली सरकले. दोघंतिघं धावले, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं. अजून दुखरा असलेला अंगठा टेकला, तोंडातून एक आवाज निघाला, आणि गुरुजी घोंगडीवर धपकन बसले. डावा पाय दुमडलेला, उजवा पाय ओंडक्यासारखा समोर सरळ. मांडी अशी अर्धीच झाली.

"ये," ते म्हणाले. "इतकीच हाय. बस."

पुजा त्या अर्ध्या मांडीवर बसली, बापाच्या गळ्यात हात टाकला, आणि मग तिचा आवाज असा फुटला की वरातीतला बँडवाला बिडी विझवून उभा राहिला. गोरमाटी बोलीत ती गायली. याडीचं, म्हणजे आईचं नाव घेतलं, तिच्या हातच्या भाकरीचं घेतलं. काकाचं नाव घेतलं, काळ्या बोकडाचं घेतलं, तेव्हा थावरा नाईक पागोट्यात तोंड लपवून हुंदके द्यायला लागले. मसाजींच्या शेळीचंही नाव घेतलं, तेव्हा माणसं रडता रडता हसली. आणि शेवटी तिनं जे म्हटलं ते निर्मलाबाईंनी शिकवलेलं नव्हतं. ती म्हणाली, बापू, तुमी माझ्यासाठी खाली बसलात. माझा खांदा आता मी घेऊन चालले. उद्या तुमाले उठवील कोण?

गुरुजी लहान लेकरासारखे रडले. इतके महिने ते गुडघ्यासाठी वणवण करत होते आणि रोज सकाळी ज्या खांद्यावर हात टेकून उठत होते त्याचा त्यांनी एकदाही विचार केला नव्हता. तो विचार त्यांना आत्ता आला, आणि आता बाहेर जीप चालू होती.

गाणं संपलं. लेकीला जीपपर्यंत बापानं पोचवायचं. बाप उठेना. थावरांनी एका बाजूनं ओढलं, जगननं दुसऱ्या बाजूनं, गुरुजी कळवळले आणि जागचे हलले नाहीत. उत्तमसिंग व्याही घड्याळ बघायला लागले. तेव्हा दोन पावलं पुढं गेलेली पुजा मागं फिरली, ओढणी खोचून उजव्या बाजूला वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला बापू." हात टेकला. गुरुजी उठले. तिला धरून चालत गेले आणि तिला जीपमध्ये बसवलं.

जीप गेली आणि तांड्यात एकच बोलबाला झाला, गुरुजी खाली बसले आणि उठलेही. म्हणजे सळोईनं काम केलं, फक्त उशिरा केलं. थावरा नाईकांनी पागोटं पुन्हा बांधलं. ही बातमी त्यांनी अडवली नाही.

दुसऱ्याच दिवशी डोंगरकड्याहून ग्यानबा नावाचे एक गृहस्थ बाळापूरला विचारत आले. त्यांचाही गुडघा होता. सळोई रक्त द्यायच्या आधी खायची का नंतर, चरबी किती, बोकड काळाच लागतो का, असं त्यांना बारकाईनं हवं होतं. एरवी गुरुजींनी लोण्यापासून सुरुवात केली असती. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "माझ्या गुडघ्याला काही लागू झालं न्हाई. जूनमध्ये डॉक्टर येतात, त्याइले दाखवा. आन जाताना काही खाऊ नका."

ग्यानबांना हा विनय वाटला. ते निघाले. पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं म्हणून गुरुजी उठायला गेले, आणि सवयीनं त्यांनी उजवा हात बाजूला केला. हात तसाच राहिला. गुरुजी हात मिळवतायत असं ग्यानबांना वाटलं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, जोरजोरात हलवला, "लई उपकार झाले गुरुजी" म्हणाले आणि गेले.

चंदाबाई आतून बघत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि गुरुजींच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"धरा," ती म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं. तिचा खांदा पुजाच्यापेक्षा बराच खाली होता. "तुझे बी गुडघे दुखतात का गं?" त्यांनी विचारलं.

"आज इचारून राहिले व्हय," चंदाबाई म्हणाली. "धरा आता."

त्यांनी हात टेकला. दोघांचे गुडघे एकदमच कुरकुरले. गुरुजी उठले, आणि हात न काढता तिच्या चालीनं दारापर्यंत गेले.